वाचकांचे प्रश्न : ‘गॉडफादर’चा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे का?

‘द गॉडफादर’ (१९७२) आणि ‘द गॉडफादर पार्ट टू’ (१९७४) यांच्या तुलनेवर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. दोन्ही चित्रपट दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचे, गोष्ट न्यूयॉर्कच्या कॉर्लिओनी या माफिया घराण्याची. पहिल्यात बाप व्हीटो (मार्लन ब्रँडो) आणि त्याची गादी चालवणारा धाकटा मुलगा मायकेल (अल पचिनो), दुसऱ्यात मायकेलचा पुढचा काळ आणि व्हीटोचं तरुणपण (रॉबर्ट डी निरो). उत्तरांमध्ये दोन्ही चित्रपटांच्या शेवटापर्यंतच्या घटना येतात. ज्यांनी चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी आधी ते पाहावेत आणि मग हे पान वाचावं.

प्रश्न : जो तो म्हणतो की दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे. मला मात्र तो संथ आणि कोरडा वाटला. माझ्या पाहण्यात काही चुकतंय का?

चुकत नाही. डिसेंबर १९७४मध्ये चित्रपट लागला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक व्हिन्सेंट कॅन्बी यांनाही तो पहिल्या भागातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांना टाके घालून उभा केल्यासारखा वाटला होता. रॉजर इबर्ट यांनी सुरुवातीला त्याला चारपैकी तीनच तारे दिले होते, चौथा पुष्कळ वर्षांनी दिला. तिकीटबारीवरही तो पहिल्याच्या जवळपास पोचला नाही.

कोरडेपणा जाणवतो, कारण तो मुद्दाम आणलेला आहे. पहिल्या भागातलं जवळजवळ प्रत्येक दृश्य सरळ चालतं. कुणीतरी काहीतरी मागायला येतं, आड काय येतंय ते कळतं, आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत त्याचा निकाल लागतो. बोनासेरा न्याय मागतो, जॉनी फॉन्टेन भूमिका मागतो, सोलोझो भांडवल मागतो. या चौकटीत भरपूर ऊब आहे. लग्नाचा मांडव आहे, अंगणात नाचणारी म्हातारी माणसं आहेत, वीस माणसांसाठी सॉस कसा करायचा ते मायकेलला शिकवणारा वडिलांचा जुना साथीदार क्लेमेंझा आहे. प्रेक्षक नकळत त्या घरातलाच होतो. शेवटी बाप्तिस्म्याच्या विधीबरोबर एकामागून एक खून पडतात, तेव्हा भीतीबरोबर एक समाधानही वाटतं: आपली माणसं जिंकली.

दुसरा भाग ते समाधान काढून घेण्यासाठी बनवलेला आहे. सुरुवातीलाच टाहो सरोवराकाठची मेजवानी पाहा. पहिल्या भागातल्या लग्नासारखाच थाट: पाहुणे, वाद्यवृंद, आणि आत अंधाऱ्या खोलीत चाललेली कामं. पण न्यूयॉर्कहून आलेला म्हातारा फ्रँक पेंटांजेली वाद्यवृंदाला टारांटेला या इटालियन लोकनृत्याची धून वाजवायला सांगतो तर एकालाही ती येत नाही. तो हातवारे करून ताल समजावतो, आणि वादक त्यातून एक इंग्रजी बालगीत वाजवायला लागतात. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा प्रसंग आहे. घराणं श्रीमंत झालं, सिनेटर घरी येऊ लागले, आणि स्वतःचं गाणं येणारा एक माणूस अंगणात उरला नाही.

आमचं मत असं. गोष्ट सांगण्याच्या कसबात पहिला भाग वरचढ आहे. त्यात एक दृश्य इकडचं तिकडे करता येत नाही. दुसऱ्या भागात ढिले टाके आहेत, ते पुढे येतीलच. पण माणसाच्या अधःपाताचा हिशोब दुसरा भाग जितक्या निर्दयपणे मांडतो तितका पहिला मांडत नाही. तोडीचा आहे का? आहे. एकट्याने उभा राहू शकतो का? नाही. पहिला न पाहता दुसरा पाहणाऱ्याला त्यातली अर्धी दृश्यं नुसती माणसं बसून बोलतायत अशी वाटतील.

उदाहरण शेवटाजवळचंच. पहिल्या भागात मायकेलची बायको के बाहेरच्या खोलीत उभी असते, आत लोक मायकेलच्या हाताचं चुंबन घेत असतात, आणि अल नेरी येऊन दार लावतो. दार लावणारा नोकर आहे, म्हणून ‘मायकेलला कदाचित हे नको असेल’ एवढी फट प्रेक्षकाच्या मनात राहते. दुसऱ्या भागात के मुलांना चोरून भेटायला येते, निघताना रेंगाळते, आणि मायकेल समोर येतो. या वेळी दार तो स्वतः लावतो, तिच्या तोंडावर, एक शब्द न बोलता. ज्याला पहिलं दार आठवतं त्यालाच हे दुसरं लागतं.

प्रश्न : वडिलांची आणि मुलाची गोष्ट आलटून पालटून का दाखवली आहे? क्रमाने सांगितली असती तर सोपं गेलं असतं.

क्रमाने सांगून झालेली आहे. नोव्हेंबर १९७७मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने दोन्ही चित्रपट कालक्रमाने लावून, वगळलेली काही दृश्यं घालून, चार रात्रींत दाखवले. प्रसंग समजायला ती आवृत्ती सोपी आहे, पण ती पाहिली की क्रम मोडण्यात काय कमावलं होतं तेही लक्षात येतं. व्हीटोचा तरुणपणीचा सगळा भाग सुरुवातीला एका दमात संपतो आणि मायकेलच्या शेजारी ठेवायला काही उरत नाही.

व्हीटोच्या तरुणपणाचा मजकूर मारिओ पुझो यांच्या १९६९च्या कादंबरीत होता, तो पहिल्या चित्रपटात वापरला गेला नव्हता. मायकेलची १९५८पासूनची गोष्ट मात्र कपोला आणि पुझो यांनी चित्रपटासाठी नव्याने रचली. म्हणजे दोन वेगळ्या मापांची कापडं जोडायची होती, आणि खरी कामगिरी सांध्यांवर आहे. प्रदर्शनाच्या काही आठवडे आधी झालेल्या चाचणी खेळात प्रेक्षक गोंधळले. उड्या फार होत्या, एका काळात जीव रमतो न रमतो तोच दुसरा काळ येत होता. कपोला आणि संकलक पुन्हा टेबलावर बसले, उड्या कमी केल्या आणि प्रत्येक तुकडा लांबवला. वेळ अपुरा पडल्याच्या खुणा शेवटच्या भागात अजून दिसतात.

पुन्हा पाहाल तेव्हा सांध्यांवर लक्ष ठेवा. एलिस बेटावर देवीच्या साथीच्या संशयावरून वेगळा ठेवलेला नऊ वर्षांचा व्हीटो खिडकीशी बसून गातो, आणि त्यावरूनच त्याच्या नातवाचा, अँथनी व्हीटो कॉर्लिओनीचा, चर्चमधला सोहळा उमलतो. हा पहिला सांधा सोपा आहे: आजा आणि नातू. पुढचे अवघड होत जातात. हवानाहून परतलेल्या मायकेलला घराण्याचा वकील टॉम हेगन सांगतो की केचा गर्भ पडला. मायकेल विचारतो, मुलगा होता का? टॉमला उत्तर देता येत नाही. तिथून चित्र जातं ते तरुण व्हीटोच्या काळातल्या एका कोंदट खोलीत. तान्ह्या फ्रेडोला, मायकेलच्या थोरल्या भावाला, न्यूमोनिया झालाय, त्याच्यावर उपचार चाललेत, तो रडतोय आणि व्हीटो असहाय उभा राहून बघतोय. एका बाजूला न जन्मलेल्या मुलाचं लिंग विचारणारा बाप, दुसऱ्या बाजूला आजारी लेकराकडे बघून जीव कळवळणारा बाप. आणि ज्या लेकरासाठी तो कळवळतोय त्या फ्रेडोचं काय होणार हे मायकेलच्या बाजूने आपल्याला उमगायला लागलेलं असतं. कुठलाही निवेदक हे सांगत नाही.

त्यानंतरचा फानुच्चीच्या खुनाचा तुकडा तर पूर्णच बघण्यासारखा आहे. मोहल्ल्यातला खंडणीखोर फानुच्ची व्हीटो, क्लेमेंझा आणि टेसिओ या तिघा मित्रांकडून प्रत्येकी २०० डॉलर मागतो. व्हीटो क्लेमेंझा आणि टेसिओकडून फक्त ५०-५० घेतो आणि म्हणतो, बाकीचं मी बघतो. टेबलावर १०० डॉलर पाहूनही फानुच्ची ते मुकाट घेतो. तिथे व्हीटोला कळतं की या माणसाच्या मागे कुणी नाही. मग सेंट रॉकच्या मिरवणुकीच्या गोंगाटात व्हीटो छपरांवरून चालत त्याच्या घराशी येतो, दिव्याचा बल्ब पिळून सैल करतो, आणि पिस्तुलाला टॉवेल गुंडाळून गोळ्या झाडतो. टॉवेल पेट घेतो, तो झटकून विझवावा लागतो. मग पिस्तुलाचे तुकडे करून ते धुराड्यांत टाकतो. खून हे कारागिराचं काम असल्यासारखं, एकेक पायरी दाखवून केलेलं आहे. शेवटी तो खाली उतरून आपल्या दाराच्या पायरीवर बसतो, तान्ह्या मायकेलला मांडीवर घेतो आणि सांगतो की तुझ्या बापाचं तुझ्यावर फार प्रेम आहे. पुढचं चित्र: बर्फ, आणि त्यात पडून राहिलेली मुलाची खेळण्यातली गाडी. मोठा झालेला मायकेल थंडगार घरात शिरतो. के शिवणयंत्रावर बसलेली दिसते, तो तिच्याशी न बोलताच पुढे जातो.

क्रमाने लावलेल्या आवृत्तीत ही दोन दृश्यं तासांच्या अंतरावर जातात. एका बैठकीत ३ तास २० मिनिटं जमत नसतील तर मध्यंतर इथेच घ्या, पायरीवरच्या बाळानंतर. दुसरीकडे कुठेही थांबलात तर एखादा सांधा तुटेल.

प्रश्न : पडदे कुणी उघडे ठेवले? मायकेलच्या झोपायच्या खोलीवर गोळ्या झाडणाऱ्यांना कुणी मारलं? हायमन रॉथचा डाव नक्की काय होता? तीनदा पाहूनही उलगडत नाही.

इथे दोष चित्रपटाचा आहे. काही दुवे पडद्यावर आलेच नाहीत, ते बोलण्यातून गोळा करावे लागतात.

रॉथ हा मायामीतला जुना गुंड, मायकेलचा धंद्यातला भागीदार. त्याची अढी लास वेगासचा कॅसिनोवाला मो ग्रीन याच्या खुनाची आहे. पहिल्या भागाच्या शेवटी मायकेलने त्याला मारवलं. हवानात रॉथ स्वतःच ती गोष्ट काढतो आणि म्हणतो की हा धंदा आपणच निवडलाय, हुकूम कुणी दिला हे मी विचारलं नाही, कारण त्याचा धंद्याशी संबंध नव्हता. हे बोलताना रॉथ साकारणारे ली स्ट्रासबर्ग यांचा आवाज जराही चढत नाही, म्हणून बरेच प्रेक्षक ते ऐकून सोडून देतात. सगळ्या डावाचं मूळ तिथे आहे.

पुढचा धागा असा. न्यूयॉर्कमध्ये रोसाटो बंधू पेंटांजेलीच्या हद्दीत घुसलेत आणि त्यांना रॉथचं पाठबळ आहे. पेंटांजेली त्यांना मारायची परवानगी मागतो. मायकेल नाकारतो, कारण रॉथबरोबर त्याचा मोठा व्यवहार चालू आहे. त्याच रात्री गोळीबार होतो. के विचारते, पडदे उघडे का आहेत, आणि पुढच्या क्षणी काचा फुटतात. हल्लेखोर आवारातच मेलेले सापडतात, म्हणजे त्यांचं तोंड बंद करणारा आतला कुणीतरी होता. मायकेल मायामीला जाऊन रॉथला सांगतो की हे पेंटांजेलीचं काम, आणि न्यूयॉर्कला जाऊन पेंटांजेलीला सांगतो की हे रॉथचं काम, तू रोसाटोंशी जुळवून घे. पेंटांजेली समेटाला जातो तर दारूच्या गुत्त्यात त्याच्या गळ्यात फास पडतो आणि फास आवळणारा मायकेलचं नाव घेतो. तेवढ्यात पोलीस आत येतो, पेंटांजेली वाचतो आणि सरकारचा साक्षीदार होतो. आता सिनेटच्या समितीपुढे शपथेवर सगळं नाकारणारा मायकेल खोट्या साक्षीच्या खटल्यात अडकणार, हा रॉथचा दुसरा सापळा.

फासाच्या वेळी मायकेलचं नाव का घेतलं? पेंटांजेलीला जिवंत सोडून फितवायचं असं आधीच ठरलं होतं, असा एक अर्थ लावला जातो. आम्हाला तो पटत नाही. तसं असतं तर मारेकऱ्यांनी बाहेर रस्त्यावर पोलिसांशी गोळीबार केला नसता. माणूस मरणारच होता, मरताना त्याचा विश्वासही मोडावा एवढाच हेतू दिसतो. पोलीस आला तो योगायोग, आणि रॉथने त्या योगायोगाचं सोनं केलं.

फ्रेडोचा वाटा सर्वांत धूसर आहे. रॉथचा माणूस जॉनी ओला त्याला रात्री फोन करतो तेव्हा फ्रेडो चिडून सांगतो की तुम्ही मला खोटं बोललात. नंतर तो मायकेलला म्हणतो की हल्ला होणार हे मला ठाऊक नव्हतं, व्यवहारात मदत करायची म्हणून सांगितलं होतं. हे खरं मानायला आधार आहे, कारण फ्रेडोला खोटं नीट बोलताच येत नाही. हवानात ओलाला आपण कधी भेटलोच नाही असं तो दाखवतो, आणि काही तासांनी नाइटक्लबमध्ये दारूच्या भरात सांगून टाकतो की ही जागा मला ओलाने दाखवली. कॅमेरा त्या वेळी मायकेलच्या चेहऱ्यावर थांबतो. पडदे कुणी उघडले आणि हल्लेखोरांना कुणी मारलं हे मात्र चित्रपट शेवटपर्यंत दाखवत नाही. पटकथेतली ही खरी फट आहे, तिच्यात गूढ अर्थ शोधू नये.

प्रश्न : ब्रँडो आणि क्लेमेंझा दुसऱ्या भागात का नाहीत? त्यांच्या नसण्याने चित्रपटाचं नुकसान झालं का?

एका बाबतीत नुकसान झालं, दुसऱ्या बाबतीत फायदा.

क्लेमेंझा साकारणारे रिचर्ड कॅस्टेलानो मानधन आणि संवाद यांवरून दुसऱ्या भागात आले नाहीत. त्यांच्या जागी फ्रँक पेंटांजेली हे पात्र लिहिलं गेलं. क्लेमेंझा हृदयविकाराने गेला असं सांगितलं जातं आणि एक जण शंका घेतो की तो झटका नव्हता. पेंटांजेली साकारणाऱ्या मायकेल गाझो यांनी काम सुरेख केलंय, पण कल्पना करा: ज्याने मायकेलला सॉस करायला शिकवला, रेस्टॉरंटमध्ये लपवायचं पिस्तूल ज्याने तयार करून दिलं, तोच क्लेमेंझा मायकेलविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला असता! तरुण व्हीटोबरोबर आपण ज्याला गालिचा चोरताना बघतो तोही तरुण क्लेमेंझाच. वर्तुळ पूर्ण झालं असतं. पेंटांजेलीच्या बाबतीत ही ओळख आपल्याला संवादांवरून मानून घ्यावी लागते. तरी कपोला यांनी एक आधार दिलाय. पेंटांजेली राहतो ते घर कॉर्लिओनींचं जुनं घर. मायकेल त्या खोलीत येऊन म्हणतो की ही माझ्या वडिलांची खोली, इथे एक मोठं टेबल असायचं. पहिला चित्रपट सुरू झाला ती हीच खोली.

ब्रँडो यांना एका दृश्यासाठी आणायचं ठरलं होतं, पण चित्रीकरणाच्या दिवशी ते आले नाहीत. त्यामुळे ते दृश्य व्हीटोला न दाखवता लिहावं लागलं आणि त्याची धार वाढली. त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात.

प्रश्न : घरच्या टीव्हीवर दोन्ही भाग फारच काळपट दिसतात. प्रिंट खराब आहे की सेटिंग?

बहुतेक वेळा सेटिंग. छायालेखक गॉर्डन विलिस यांनी दोन्ही चित्रपट मुद्दाम कमी प्रकाशात, वरून येणाऱ्या दिव्यांत टिपले. ब्रँडो यांच्या जबड्याचा मेकअप नीट दिसावा म्हणून वरचा प्रकाश आला, आणि त्यातून डोळ्यांच्या खोबणीत सावली पडली. ती सावलीच त्या पात्राची ओळख झाली. त्यामुळे डोळे दिसत नाहीत म्हणून ब्राइटनेस वाढवू नका. काळा रंग राखाडी होतो आणि चित्र धुरकट दिसतं.

आधी पिक्चर मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’मध्ये पांढऱ्यात निळसर झाक येते आणि विलिस यांचा पिवळसर तपकिरी रंग मरतो. विशेषतः दुसऱ्या भागातल्या १९१७च्या न्यूयॉर्कचा मधासारखा रंग आणि टाहोचा थंड रंग यांतला फरकच पुसला जातो, आणि तो फरक कळला नाही तर काळ कुठे बदलला हेही चटकन कळत नाही. मोशन स्मूदिंग बंद करा, शार्पनेस अगदी खाली ठेवा, नाहीतर फिल्मचे कण उकळत असल्यासारखे दिसतात. वीजबचत आणि खोलीतल्या उजेडानुसार आपोआप कमीजास्त होणारा ब्राइटनेस हे दोन्ही पर्याय बंद ठेवा. पुष्कळदा खरा गुन्हेगार तोच असतो. खोलीतला दिवा मालवा, किंवा टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा.

तपासायला दोन दृश्यं घ्या. पहिल्या भागाची सुरुवात: बोनासेराचा चेहरा आणि मागे काळोख. त्याच्या कोटाची कड काळोखापासून जेमतेम वेगळी कळली पाहिजे. दुसऱ्या भागात फ्रेडो आणि मायकेल यांची बर्फाळ दिवसातली भेट, जिथे फ्रेडो मागे कललेल्या खुर्चीत पडलेला असतो. खिडकीबाहेरच्या बर्फात तपशील दिसायला हवा आणि खोलीतली माणसं अंधारीच राहायला हवीत. बर्फ सपाट पांढरा दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट खाली आणा.

दोन्ही चित्रपट १.८५:१ या प्रमाणात आहेत, त्यामुळे वरखाली अगदी बारीक काळी पट्टी राहते. ती घालवायला झूम करू नका. मूळ आवाज मोनो होता, डिस्कवर तो पर्याय असेल तर तोच लावा. व्हीटोचे बरेचसे संवाद सिसिलियन बोलीत आहेत. सबटायटल आपोआप येत नसतील तर सेटिंगमधून सुरू करा. एरवी चित्रपटाचा मोठा हिस्सा नुसता सूर म्हणून ऐकावा लागेल. प्रतींपैकी २०२२ची फोरके पुनर्स्थापित आवृत्ती घ्या. ती न मिळाल्यास २००८ची, रॉबर्ट हॅरिस यांच्या देखरेखीत झालेली. त्याआधीच्या डिस्क टाळा.

प्रश्न : डी निरोंना ऑस्कर मिळालं, पचिनोंना नाही. हे न्याय्य होतं का?

डी निरोंचं पारितोषिक न्याय्यच होतं. ब्रँडोंची नक्कल न करता त्यांनी खुणा उचलल्या: घशात दबलेला आवाज, गालावरून फिरणारी बोटं, आणि समोरचा बोलत असताना न हलण्याची सवय. एकाच पात्रासाठी दोन नटांना ऑस्कर मिळण्याची ती पहिली वेळ. चित्रपटाला ११ नामांकनं आणि ६ पारितोषिकं मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटही होता. हा मान मिळवणारा तो पहिला सिक्वेल.

पचिनो मात्र ‘हॅरी अँड टाँटो’च्या आर्ट कार्नी यांच्याकडून हरले. आमच्या मते ती चूक होती. डी निरो यांचा व्हीटो मिनिटागणिक वाढत जाणारा माणूस आहे, प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो. पचिनोंना उलटं करायचं होतं: तीन तास एक माणूस आतून विझत जाताना दाखवायचा, आणि तोही जवळजवळ न बोलता. हवानातल्या नववर्षाच्या रात्री फ्रेडोच्या चेहऱ्याला दोन्ही हातांनी धरून ते त्याचं चुंबन घेतात, त्या क्षणी प्रेम आणि मृत्युदंड दोन्ही एकाच कृतीत आहेत. जॉन कझाल यांचा फ्रेडो समोर नसता तर हे साधलं नसतं. कझाल यांना नामांकनही मिळालं नाही, ही त्याहून मोठी चूक.

प्रश्न : के गर्भपाताचं सांगते तो प्रसंग ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही का?

प्रसंग नाही, त्याची तयारी अपुरी आहे. त्याआधीच्या दोन तासांत केच्या वाट्याला मोजकी दृश्यं येतात आणि त्यांत ती बहुतेक वाट बघत असते. म्हणून वॉशिंग्टनच्या हॉटेलात ती एकदम इतकी ठाम उभी राहते तेव्हा धक्का बसतो. तरीही त्या दृश्यात डायन कीटन जे करतात ते पाहण्यासारखं आहे. मायकेल तिला समजावत असतो की गर्भ पडल्याचं दुःख आहे, ते जाईल, आपण पुन्हा मूल होऊ देऊ. त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीवर तोडगा आहे. ती सांगते की गर्भ पडला नाही, पाडला, आणि तो मुलगा होता. टॉमला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्याला इथे मिळतं. सिनेट, रॉथ, सगळ्यांसमोर न हललेला माणूस इथे हात उचलतो.

प्रश्न : तिसरा भाग पाहावा का?

पाहायचाच तर १९९०च्या मूळ आवृत्तीऐवजी कपोला यांनी २०२०मध्ये पुन्हा संकलित केलेली पाहा. तिची सुरुवात आणि शेवट वेगळे आहेत. पण दुसऱ्या भागानंतर लगेच लावू नका. रॉबर्ट ड्युवॉल यांचा टॉम हेगन त्यात नाही, आणि ती पोकळी कशानेच भरत नाही.

प्रश्न : शेवटी एकदम १९४१चं दृश्य का येतं?

त्याआधी काय झालंय ते आठवा. रॉथ विमानतळावर मारला गेलाय, पेंटांजेलीने टबात नस कापून घेतलीय, आणि सरोवरावरच्या नावेत अल नेरीने फ्रेडोला गोळी घातलीय. रचना पहिल्या भागाच्या शेवटासारखीच, पण बळी बघा: एक मरायला टेकलेला म्हातारा, एक कैदेतला माणूस, एक सख्खा भाऊ. यांतला कुणीही मायकेलचं काही बिघडवू शकत नव्हता. टॉम त्याला विचारतोही की तू जिंकलास, आता सगळ्यांना संपवायचंय का?

मग ७ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तो दिवस, आणि वडिलांचा वाढदिवस. टेबलाभोवती थोरला भाऊ सॉनी, टॉम, फ्रेडो, बहीण कॉनी, मायकेल आहेत, सॉनीने ओळख करून दिलेला, कॉनीचा पुढे नवरा झालेला कार्लो आहे, केक घेऊन आलेला टेसिओ आहे. मायकेल सांगतो की मी कॉलेज सोडलं, मरीन्समध्ये नाव घातलं. सॉनी भडकतो. टॉम म्हणतो, वडिलांनी तुझ्यासाठी काय काय ठरवलं होतं. हात पुढे करून अभिनंदन करतो तो एकटा फ्रेडो, आणि सॉनी त्याचा हात झटकतो. तेवढ्यात वडील आल्याची चाहूल लागते आणि सगळे उठून दाराकडे धावतात. ब्रँडो आले असते तर कॅमेऱ्याला त्यांच्यामागे जावं लागलं असतं. ते नाहीत म्हणून कॅमेरा टेबलाशीच थांबतो. दुसऱ्या खोलीतून गाणं ऐकू येतं आणि रिकाम्या खुर्च्यांमध्ये मायकेल एकटा बसून राहतो.

त्या टेबलाशी सात जण होते. कार्लो, टेसिओ आणि फ्रेडो हे तिघे मायकेलच्या हुकुमाने मेले. सॉनीला शत्रूंनी मारलं. उरले टॉम आणि कॉनी. त्यानंतर सिसिलीहून निघालेल्या गाडीच्या खिडकीत व्हीटो लहानग्या मायकेलचा हात धरून हलवतो, निरोपाचा. आणि शेवटचं चित्र येतं: टाहोच्या आवारात खुर्चीवर बसलेला मायकेल, हात तोंडाशी, आजूबाजूला कुणी नाही.